सासूबाईंच्या कपाळावरचं गोंदण

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला लोह्याला, बायकोच्या माहेरी, न्यायला त्यांचा फोटो हवा होता. एकुलत्या एक फोटोवर बुरशीचे डाग पडले होते. माझी सून वर्षाराणीने कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअर घालून दिली. पहिल्या दोघांनी एका बटणात डाग काढले, पण कपाळावरचं गोंदणही डाग समजून पुसून टाकलं.

"ही कोण गोरी बाई आणून ठेवली?" पत्नी तुळजा म्हणाली. "माझी माय न्हाई ही."

तिसऱ्यात सगळं हातानं करावं लागे. मला जमेल असं वाटत नव्हतं, तरी तेच निवडलं. चार दिवस एकेक डाग पुसला, गोंदण तेवढं राखलं.

तुळजा पडद्याजवळ वाकली. "माय!" मग सुनेला म्हणाली, "पाहुण्यांनी विचारलं तर सांग, तुझ्या सासऱ्यानं केलंय. दुकानातून करून न्हाई आणलं!"