बैठकीतून हाकललेले बाक

मी एक जुने बाक आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. लिथुआनियातल्या एका लहान गावच्या येशिवात माझे आयुष्य गेले. मित्रांनो, येशिवा म्हणजे धर्मग्रंथ शिकायची शाळा. पण या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'बसणे'. पूर्वी शिष्य गुरूपुढे रांगेने बसत, ती बैठक म्हणजे येशिवा. पुढे घरालाच ते नाव पडले.

आमच्याकडे मात्र बसणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. दोघांनी एका ग्रंथावर वाकायचे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खोडून काढायचे. माझ्यावर टोड्रोस आणि झेलिग बसत. टोड्रोसला अक्षरे नीट दिसत नसत, म्हणून वाचायचे झेलिगने आणि ऐकून चुका धरायच्या टोड्रोसने.

"गाढवा, इथला 'नाही' गिळलास."

"गिळीन नाहीतर काय? सकाळपासून दुसरं मिळालंय कुठे काही?"

मग ग्रोनेम नावाचे नवे व्यवस्थापक आले; मानाने सगळे त्यांना 'रेब' ग्रोनेम म्हणत. त्यांनी सुट्या खुर्च्या मांडल्या, बोलणे बंद केले आणि मला अंगणात सरपणाशेजारी टाकले. म्हातारे गुरुजी रेब फाइवेल संतापले.

"अहो, या घराचं नाव काय?"

"येशिवा. म्हणजे बसणं. मग बसलेत की सगळे खुर्च्यांवर."

शब्दाचा अर्थ तोंडपाठ आणि अक्कल गहाण! एकट्याने बसायला घर काय वाईट होते?

खिडकीतून मला दिसे, टोड्रोस नाकाला ग्रंथ लावून बसे, पण त्याला ओळ लागेना. "जमत नसेल तर घरी जा," ग्रोनेम म्हणाले. त्याने बोचके बांधले. तो अंगणात आला तोच झेलिग ग्रंथ घेऊन मागून धावला. त्याने माझ्यावरचा बर्फ झटकला आणि टोड्रोसची बाही ओढली.

"बस."

"थंडी बघ किती आहे."

"भांडायला लाग, येईल ऊब."

झेलिगने ग्रंथ मांडीवर उघडला. बसायच्या फळीवर ग्रंथ ठेवायचा नाही, ही आमची रीत. पहिल्याच ओळीवर दोघे हमरीतुमरीवर आले. खिडकीतून ग्रोनेम ओरडले, "आत येऊन बसा!" दार उघडले आणि रेब फाइवेल काठी टेकत बाहेर आले.

"सरका रे जरा," ते म्हणाले आणि बसले.

मी दोघांपुरते केलेले. तिघांच्या भाराने करकरले, पण टिकले. माझा राग मात्र गेलेला नाही. मला उचलून नेताना एकानेही विचारले नाही की यावर कोण बसते. मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर टाका, पण आधी तेवढे विचारा.