बैठक मोडण्याआधी

त्या आठवड्यात ताइफमध्ये गुलाब नुसता उधळला होता आणि जवाहिरच्या अत्तराच्या भट्टीला क्षणाची उसंत नव्हती. त्यात जेद्दाहून अबू रायदसारखा बडा व्यापारी आपण होऊन चालत आलेला! बैठकीत नवऱ्यानं, फव्वाजनं, "कबूल" म्हटलेलं स्वयंपाकघरात ऐकू आलं, तशी जवाहिर आनंदानं जागच्या जागी उडालीच.

सह्या झालेल्या कराराची एक प्रत आत आली. अत्तर गाळायचं हिनं आणि कागद हातात पडायचा सौदा ठरल्यावर. फव्वाजच्या घाईला औषध नव्हतं.

तिसऱ्या ओळीवर ती थबकली. दहा वर्षं भट्टीतलं सगळं अत्तर फक्त अबू रायदसाठी, दुसऱ्या कुणाला थेंबही विकायचा नाही. आणि अबू रायद घेणार किती? 'गरजेपुरतं'. एखाद्या वर्षी त्याला गरजच वाटली नाही तर? भट्टी विझवून बसायचं!

बाजाराचा रिवाज पक्का होता. सह्या झाल्या तरी माणूस बैठकीतून उठेपर्यंत शब्द मागे घेता येतो, उठला की संपलं. तिनं मान वर केली तर सासूबाई धूपदाणी घेऊन बैठकीकडे निघालेल्या. पाहुण्याला धूप दिला की तो निघणारच.

"खाला, थांबा! धूप नको!"

"अगं, 'आता पुरे' म्हणून कॉफीची वाटी हलवून परत दिली त्यानं. आता काय त्याला जेवायला बसवू?"

"बसवा! मुक्कामाला ठेवा! पण उठू देऊ नका!"

तिनं धूपदाणी हिसकावली, बोट भाजलं. आत अंगरखा सावरल्याची सळसळ झाली. पुरुषांच्या बैठकीच्या दाराशी तिनं आजवर कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"फव्वाज, शब्द मागे घे! आत्ताच्या आत्ता!"

अबू रायद हसला. "ताई, उशीर केलात. मी उठलो."

"कुठे उठलास?" साक्षीला बसलेले मस्तूरचाचा गरजले. अत्तरबाजारात त्यांचा शब्द शेवटचा. "एक गुडघा गादीवरच आहे की तुझा. डोळे गेलेत माझे, पण इतके नाहीत!"

"घेतला, मागे घेतला!" फव्वाज घाईघाईनं म्हणाला.

अबू रायद मुकाट्यानं खाली बसला. जवाहिरनं दाराआडून ती ओळ खणखणीत वाचून दाखवली. "दरसाल किती घेणार ते आकड्यात लिहा. उरलेलं मी माझ्या नावानं विकेन."

"असा वकील माझ्याकडे हवा होता," अबू रायद पुटपुटला. पण त्यानं पेन काढलं आणि ओळ खोडून नवी लिहिली.

"बोल फव्वाज, कबूल?" चाचांनी विचारलं.

फव्वाजनं कागद दाराखालून आत सरकवला. "मला काय विचारता चाचा? भट्टी तिची आहे."

जवाहिरनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा कागद सावकाश वाचला. बाहेर तीन पुरुष वाट पाहत बसले होते.

"कबूल," ती म्हणाली.