काटोंगोचं नाक

लुआंश्या गावच्या तांब्याच्या खाणीमागे जे गोल्फचं मैदान आहे, तिथल्या मशीन-शेडवर काटोंगोनं आयुष्यभर राज्य केलं. गवत कापायची मशीनं त्याच्या हाताखालून गेली आणि माणसंही. माणसांना शिकवायची त्याची एकच रीत होती. चांगल्या चालत्या मशीनमध्ये गुपचूप खोट करून ठेवायची, नव्या माणसाला बोलवायचं, आणि त्याला ती सापडली नाही की चारचौघांत त्याची सालटी काढायची.

सगळ्यात जास्त सालटी निघाली ती त्याच्या पोटच्या पोराची, लोंबेची. कोवळ्या वयात एकदा लोंबेला टाकीची गळती सापडली नाही, तेव्हा बापानं पेट्रोलनं भिजलेलं फडकं त्याच्या तोंडावर बांधलं आणि त्याला दुपारभर उन्हात उभं केलं. "नाक फक्त शेंबडासाठी दिलंय का तुला? गळती डोळ्यांनी नाही, नाकानं सापडते!" भोवतीची माणसं पोट धरून हसली होती.

आता शेड लोंबेच्या हाती होती. काटोंगो निवृत्त झाला, पण त्याला घरी बसवेना. रोज सकाळी येऊन दाराशी उलट्या पिंपावर बसायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. "लोंबे, पाना असा धरतात? तुझी बायको उलथनं बरं धरते." माणसं खाली मान घालून हसायची. लोंबे दात आवळून काम करायचा.

मग एका संध्याकाळी लोंबेची बायको, न्सोफ्वा, सासऱ्याबद्दल दबक्या आवाजात म्हणाली, "आज मी कापेंटा मासे फेकायला काढून ठेवले होते. सडलेले. वासानं डोकं उठलं होतं. वळून बघते तर ताता तेच मक्याच्या न्शिमाबरोबर खात बसलेले. वर म्हणाले, छान झालेत."

लोंबेच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की न्सोफ्वानं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. ताताचं वय झालं."

शनिवारी मैदानावर सामना होता, म्हणून शेडची सगळी माणसं सकाळीच हजर होती. लोंबेनं एक मशीन बाहेर नुकत्याच शिंपलेल्या हिरवळीवर आणून ठेवलं. त्याच्या टाकीला, नळीला, कुठेही काही झालेलं नव्हतं. त्यानं फक्त इंजिनाच्या झाकणाआड पाण्यात बुडवलेला स्पंज कोंबला होता. पाणी तेलकट दिसावं म्हणून त्यात ग्रीसचं बोट फिरवलं होतं. कार्बोरेटरवरून थेंब थेंब टपकत होतं. चिटालू नावाच्या त्याच्या जोडीदाराला आणि बाकीच्यांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"ताता," लोंबे अदबीनं म्हणाला, "हे गळतंय. आम्ही सगळे हरलो. तुम्ही बघता का?"

काटोंगोचे डोळे लकाकले. "हरलात? मला ठाऊकच होतं! सरका, सरका सगळे."

म्हातारा ओल्या गवतात गुडघे टेकून बसला. आधी त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला आणि सगळं कोरडं पुसून घेतलं. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो कॉक उघडून बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. "थेंब कुठून सुटतो ते आधी बघायचं. गाढवासारखं पाना घेऊन धावायचं नाही. ऐकतोयस ना, चिटालू?"

"ऐकतोय, बाशिलोंबे," चिटालू म्हणाला. लोंबेचा बाप म्हणून काटोंगोला सगळे अशीच हाक मारत.

त्यानं टाकीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. नळी वाकवून पाहिली, तिचं टोक चिरल्यासारखं वाटलं म्हणून कापून पुन्हा बसवलं, क्लिप आवळली. टपकणं थांबेना. कार्बोरेटरची वाटी उतरवली, पॅकिंग बदललं. तरी थेंब पडलाच. ओला झालेला कागद त्यानं नाकाशी नेला आणि ठामपणे मान डोलावली. "पेट्रोलच. ताजं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. लोंबेनं डोळ्यांनी दटावलं.

"म्हणजे सुई," काटोंगो म्हणाला. वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटवरची ती बारीकशी सुई टाकीतून येणारं पेट्रोल अडवते. ती काढताना सुई त्याच्या बोटांतून निसटली आणि गवतात पडली. त्याला कळलं नाही. लोंबेला दिसलं. चिटालूलाही दिसलं, आणि त्यानं हळूच तिच्यावर पाय ठेवला.

सुई परत बसवली असंच धरून म्हाताऱ्यानं तिच्याशिवायच सगळं जोडलं आणि कॉक उघडला. आता खरं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून भळभळ वाहू लागलं, त्याच्या मांडीवर, गुडघ्यावर. विजार आधीच ओल्या गवतानं भिजलेली होती, म्हणून त्याला ते जाणवलं नाही. तो झाकणाकडेच टक लावून बसला होता. वासानं बाकीचे दोन पावलं मागे सरले.

तेव्हा लोंबे वाकला. कॉक बंद केला, स्पंज ओढून काढला आणि बापाच्या डोळ्यांसमोर पिळला.

"पाणी आहे, ताता. सकाळपासून तुम्ही पाण्याची गळती शोधताय."

हशा असा फुटला की दूरवरचे खेळाडू वळून बघू लागले.

काटोंगोनं स्पंज हातात घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला, डोळे मिटून, छाती भरून. कसलाच वास येत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांनी वाचलं.

"नाक फक्त शेंबडासाठी दिलंय का तुम्हाला?" लोंबे म्हणाला.

म्हातारा उठला. कुणाकडेही न बघता फाटकाकडे चालू लागला. फाटकाबाहेर मुम्बाची आई शेगडीवर मक्याची कणसं भाजायची. रोज जाता जाता तो तिच्याजवळच्या दगडावर घटकाभर टेकायचा. आजही तिकडेच निघाला. निखारे लालभडक होते आणि त्याची विजार पेट्रोलनं निथळत होती.

लोंबेला ते दिसलं. हाक मारायला त्याचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. जरा जवळ जाऊ दे, असं काहीसं त्याच्या मनात आलं. जरा घाबरू दे.

"अहो, लोंबे..." चिटालूचा आवाज चिरकला.

म्हातारा दगडावर टेकणार एवढ्यात मुम्बाच्या आईला वास लागला. तिनं किंकाळी फोडली, लाथेनं शेगडी लांब ढकलली आणि शेजारची बादली उचलून अख्खी त्याच्या अंगावर ओतली.

काटोंगो निथळत उभा राहिला. "तूसुद्धा?" तो किंचाळला. "तुलाही सांगून ठेवलं होतं त्यानं? पाणीच पाणी! हस, तूही हस, रांडे!"

"बाशिलोंबे, अहो, तुमच्या विजारीला पेट्रोल..."

"पुरे!"

त्यानं वळून लोंबेकडे पाहिलं. एका वाक्यात लोंबे सगळं सांगू शकला असता. तो पाठ फिरवून शेडकडे निघाला. मुम्बाची आई चटका बसलेला पाय धरून रडत होती.

त्या दिवसानंतर काटोंगो शेडवर आला नाही. घराच्या ओट्यावर बसायचा. कुणी ताट पुढे केलं की आधी न्सोफ्वाला विचारायचा, "हे चांगलं आहे ना?" तिनं हो म्हटलं तरी बराच वेळ हात लावायचा नाही. मुम्बाच्या आईशी तो मरेपर्यंत बोलला नाही. लोंबेशी मात्र बोलायचा. पूर्वी कधी नव्हता इतका नरमाईनं.

शेडवर आता कुणी हसत नव्हतं. लोंबेनं एखादं मशीन पुढे ढकललं की माणसं आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग झाकणाआड बोटं घालून चाचपायची. चिटालूही त्याला लांबूनच "हो साहेब" म्हणू लागला. आणि खरं सांगायचं तर लोंबेला ते आवडलं.