उत्तरेच्या समुद्रावरून वेसाव्याला

मित्रांनो, मुंबईतल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात, घामट हवेत ज्याच्याकडे नुसतं बघूनच लोकांना उकडतं, तो जुना जाड कोट मी. माझ्या पोटात पिसं भरलेली आहेत. माझा जन्म कॅनडातला. तिथून मी त्याच देशाच्या पार उत्तरेच्या समुद्रावर, तेलाच्या विहिरीवर कामाला गेलो.

तो समुद्र वर्षातले कितीतरी महिने गोठलेला असतो. सरकणाऱ्या बर्फापुढे विहिरीचा डोलारा पेलणाऱ्या लोखंडी खांबांचाही भरवसा नसतो. म्हणून माणसांनी तळाची वाळू उपसून भर समुद्रात बेटं रचली आणि त्यांवरून विहिरी खणल्या. अशाच एका बेटावर वेसाव्याचा हरेश्वर वेल्डर होता. त्याला थंडी लागू द्यायची नाही, हे माझं काम, आणि ते मी चोख केलं. त्याच्या भाषेत बोलायला तिथे कुणीच नव्हतं, म्हणून तो माझ्याशी बोलायचा.

तेल सापडलं, पण तिथून ते आणणं फार महागाचं. १९८६ साली जगभर तेलाचे भाव कोसळले आणि कंपनीनं काम थांबवलं. "परत बोलावू," असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं.

वेसाव्यात मी खुंटीला लागलो. गल्लीतली पोरं मला अस्वल म्हणायची. राग यायचा, पण करतो काय! हरेश्वर मला ऊन दाखवायचा, झटकायचा आणि बोलावण्याची वाट बघायचा. भाऊ धाकू होडीवर चल म्हणाला, तरी तो गेला नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मला फार एकटं वाटायचं. त्यालाही वाटत असणार.

एका सकाळी त्याच्या आईनं, सरूबाईनं, मला खुंटीवरून ओढलं, ती मासळी विकायची त्या अंधेरीच्या बाजारात नेलं आणि मासळीच्या बर्फावर पांघरलं. दुपारी हरेश्वर मला शोधत आला.

"आये, ह्यो काय केलास? मना परत जावाचा हाय!"

"कोन बोलावतंय तुला?" सरूबाई म्हणाली. "मी पन दोन वर्सां वाट बघतंय. तू घरान बसलायस रे, पन घरी आयलास कवा?"

हरेश्वर माझ्याखाली हात घालून बसून राहिला. दुपार झाली तरी बर्फ अजून वितळला नव्हता; बाहेरचं ऊन मी आत शिरू दिलं नव्हतं. मग उठून त्यानं मला बर्फावर नीट पसरलं आणि आईची रिकामी पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी तो धाकूबरोबर होडीवर गेला.

आता माझ्या अंगाला मासळीचा वास येतो आणि हरेश्वर माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण आमच्याकडे बघत घरात कुणी एकटं बसलं असेल, तर आधी त्याला हाक मारा. आम्हाला नंतर झटकलंत तरी चालेल.