मी थांबून दाखवलं

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. पण ‘जुनी’ हा शब्द जरा हळू वाचा, मला तो अजून लागतो. मी काही साधीसुधी मोटरसायकल नव्हे. शर्यतीच्या घाटाची आहे मी! पुढे झुकलेली टाकी, मागे उचललेली शेपटी, आणि बसणाऱ्याला कमरेत वाकायला लावणारं हँडल. माझा रंग लाल. उन्हाने तो आता विटकरी झालाय, पण आपण लालच म्हणू.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा शेवटची चाचणी घेणाऱ्या कामगाराने माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, “पळ बाई आता!” ते एवढं माझ्या मनात बसलं की पुढची कित्येक वर्षं पळण्यापलीकडे मला काही सुचलंच नाही. थांबणं हेही एक काम असतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

माझा पहिला मालक मोठा हौशी होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वेळच्या वेळी तेल लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने माझा चांगला सायलेन्सर काढून एक बोंबलणारा सायलेन्सर बसवला. सिग्नलला उभं राहून तो मला उगाच डरकाळ्या फोडायला लावायचा. मुलं माना वळवून बघायची, म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची, आणि मला वाटायचं, काय हा आपला रुबाब! मग त्याने मोटार घेतली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय! इमारतीच्या मागच्या भिंतीशी एका फाटक्या ताडपत्रीखाली माझी रवानगी झाली. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या, चेन गंजली, टायरांना भेगा पडल्या. ताडपत्रीच्या भोकातून मला रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. तिथून सायकलीसुद्धा माझ्यापुढे निघून जायच्या. फार जीव तुटायचा हो.

शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दलालाने मला उचललं. त्याने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि दुकानात अगदी दर्शनी जागी उभं केलं. तिथेच मला माझी मालकीण भेटली.

ती एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. लांबलांबच्या दवाखान्यांतून रक्ताच्या कुप्या गोळा करायच्या आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत आणायच्या, हे तिचं काम. ती ते बसने करायची. बस उशिरा आली की पेटीतला बर्फ वितळायचा, कुप्या खराब व्हायच्या, आणि कुठल्यातरी आजारी माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागायची. हे तिला सहन होत नसे. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या होत्या, “स्वतःची गाडी आण, पासिंग झालेली आण, मग लांबची फेरी कायमची तुझी. पण शनिवारपर्यंतच थांबेन हं. पेशंट थांबत नाहीत.”

“गाडी भरवशाची आहे का?” तिने दलालाला विचारलं.

“ताई, चेहरा तर बघा तिचा!”

“चेहऱ्याशी मला लग्न नाही करायचं,” असं म्हणून ती सरळ उकिडवी बसली आणि माझी चेन हाताने ओढून बघू लागली. मित्रांनो, त्याच क्षणी मी ठरवलं की हिच्यासाठी काय वाटेल ते करायचं.

घरी मात्र माझं स्वागत धड झालं नाही. तिचे बाबा लाकडी सामानाला पॉलिश करायचे. लाखेचं पॉलिश, स्पिरिट आणि कापसाचा बोळा, यांवर त्यांची सगळी हयात गेलेली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात तोंड बघून भांग पाडता यायचा. मला बघून ते म्हणाले, “ही गाडी आहे की घसरगुंडी? स्कूटर मिळाली नाही का कुठे?”

“बाबा, स्कूटरने ती फेरी वेळेत होत नाही.”

“आणि हिच्यावरून पडलीस म्हणजे? फेरी राहील बाजूला, आम्हीच दवाखान्याच्या फेऱ्या मारू!”

बाप तसा आणि लेक तशी, खाण तशी माती. कोणी माघार घेईना. त्या दिवसापासून बाबा माझ्या बाजूने जाताना मान फिरवून जायचे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादाने मला नीट केलं. वायरी बदलल्या, टायर आणि चेन नवी घातली, आणि तो बोंबलणारा सायलेन्सर काढून फेकला. माझा आवाज अगदी सौम्य झाला. आधी मला लाज वाटली, खरं सांगते. मग लक्षात आलं, आता मालकीण काय बोलते ते मला ऐकू येतंय. ती मला पुसताना माझ्याशी बोलायची. म्हणायची, “बाई गं, एवढी पास हो.”

पासिंगच्या आदल्या दिवशी ती कामावर गेलेली असताना बाबा हळूच अंगणात आले. इकडेतिकडे पाहिलं. हातात पॉलिशचा डबा आणि बोळा! तोंडाने मुलीला ‘बरं, घे तुझी गाडी’ म्हणणं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनी हाताने म्हणायचं ठरवलं. आयुष्यभर त्यांनी एकच पाहिलं होतं, वस्तू चकाकली की गिऱ्हाईक ती पास करतं. त्यांनी माझी टाकी चमकवली, आरसे चमकवले. मग त्यांची नजर पुढच्या चाकाच्या डिस्कवर गेली. ही पोलादी थाळी चाकाबरोबर फिरते आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला घट्ट पकडतात, म्हणून मी थांबते. बाबांना ती नुसती मळकी थाळी दिसली. त्यांनी तिच्यावर लाखेच्या पॉलिशचे हात दिले, एकावर एक, अगदी मायेने. मी ओरडणार तरी कशी? किल्लीशिवाय मला आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी मला बघून मालकिणीला वाटलं, दादाने जाता जाता धुऊन दिली असेल. तपासणी केंद्र जवळच होतं. वळणावर ब्रेक निसटल्यासारखा वाटला, पण धुतल्यामुळे ओला असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

तपासणीचे साहेब कमी बोलणारे होते. दिवे पाहिले, ठीक. हॉर्न, ठीक. टायर, चेन, आवाज, धूर, सगळं ठीक. माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू! मग त्यांनी माझं पुढचं चाक रोलरवर चढवलं, ते फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. मी जिवाच्या आकांताने डिस्क धरायला बघत होते, पण पॅड नुसते घसरत होते.

साहेबांनी डिस्कवरून फडकं फिरवलं. फडकं चिकटलं. त्यांनी वास घेतला आणि ते मालकिणीपुढे धरलं. “हे काय लावलंय मॅडम?”

त्या वासात ती लहानाची मोठी झाली होती. बाबांच्या सदऱ्याला, बाबांच्या बोटांना तोच वास यायचा. तिला सगळं कळलं. तिचे डोळे भरले, पण बापाचं नाव तिने घेतलं नाही. “चूक झाली साहेब,” एवढंच म्हणाली.

“चूक रस्त्यावर झाली असती तर? शनिवारी पुन्हा आणा. तेव्हाही नापास झाली तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. मग भंगारात.”

भंगार! हा शब्द ऐकून माझ्या पेट्रोलचं पाणी झालं.

ती मला चालवत नाही, ढकलत घरी घेऊन आली. भर उन्हात, चढावर, घामाने निथळत. बाबा दारातच उभे होते. “काय झालं? एवढी चकाचक केली होती मी…”

“डिस्कलाही केलीत, बाबा. ब्रेक लागला नाही.”

बाबा मटकन पायरीवर बसले. आपल्याच हातांकडे बघत राहिले. आत आई होती, ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “टेबलाचं पॉलिश ब्रेकला लावलंत? उद्या मलाही लावाल एखादा हात!” एरवी बाबा हसले असते. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली. “पोरी, मी तुझा जीवच घेतला असता गं,” ते म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. रागावली होती ती, का नाही रागावणार? पण ती म्हणाली, “लावलंत तुम्ही, आता काढायचंही तुम्हीच. येतं ना काढायला?”

“न यायला काय झालं?” बाबांनी मान वर केली. “पॉलिश करणाऱ्याला आधी जुनं पॉलिश काढताच यावं लागतं.”

मग ते असे कामाला लागले की बघत राहावं. दादाने चाक खोलून दिलं आणि पॅड हातात घेऊन म्हणाला, “काका, ह्यांनी पॉलिश पिऊन घेतलंय. हे आता गेले. नवे टाकतो.” बाबांनी डिस्क स्पिरिटने पुसली, पुन्हा पुसली, फडक्यावर पिवळटपणाचा मागमूसही राहिला नाही तोपर्यंत पुसली. डिस्क पुन्हा मळकट, करडी, कोरडी दिसू लागली. जन्मात पहिल्यांदा बाबा एखादी वस्तू चकाकत नाही म्हणून खूश झाले.

पण नव्या पॅडची आणि डिस्कची एकमेकांशी ओळख व्हावी लागते. दादाने सांगितलं, मोकळ्या जागेत हळू चालवा, ब्रेक लावा, पुन्हा चालवा. गोदामांच्या मागे एक रिकामं मैदान होतं, तिथे आम्ही सगळे गेलो, आईसुद्धा. बाबांनी खडूने जमिनीवर रेघ मारली आणि रेघेच्या पलीकडे आपला पॉलिशचा डबा ठेवला. “ह्याला धक्का लागता कामा नये,” ते म्हणाले. पहिल्याच खेपेला मी डबा उडवला! तो गडगडत आईच्या पायाशी गेला. “बरं झालं,” आई म्हणाली. पण मालकीण हसली नाही, तिने दातओठ खाऊन मला परत फिरवलं. पुन्हा, आणि पुन्हा. मीही हट्टाला पेटले. पळणं मला उपजत येत होतं, त्यात कसलं आलंय कौतुक? थांबायला मी त्या मैदानात शिकले. ऊन उतरलं तेव्हा माझं पुढचं चाक रेघेच्या अलीकडे उभं होतं आणि डबा जागचा हलला नव्हता.

शनिवारी बाबा म्हणाले, “मीही येतो.” ते माझ्यावर कधी बसले नव्हते. मालकिणीच्या मागे कसेबसे चढले, तिचा खांदा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. “हळू चालव.” “बाबा, सायकलवाला पुढे गेला आपल्या!” त्याच वळणावर तिने ब्रेक लावला. मी अलगद थांबले. बाबांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, “थांबली की गं!”

साहेबांनी पुन्हा माझं चाक रोलरवर चढवलं. मी मनात म्हटलं, आज कारखान्यातला तो कामगार इथे हवा होता. ब्रेक दाबला गेला. मी असा काही डिस्कचा गळा धरला की चाक जागच्या जागी थिजलं. साहेबांनी यंत्रावरच्या आकड्याकडे पाहिलं, मग डिस्ककडे. “चकाकी गेली वाटतं,” ते म्हणाले.

“काढली साहेब,” बाबा म्हणाले. “माझ्याच हाताने.”

साहेब पहिल्यांदा हसले आणि शिक्का उठला. मालकिणीने तिथूनच मोठ्या बाईंना फोन केला. “पास झाली,” ती म्हणाली. पुढचं ती बोलायच्या आत बाबांनी फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, “येतेय ती! बर्फ भरून ठेवा!”

आता लांबची फेरी आमची आहे. कुप्या थंड पोचतात. माझा भरवसा कोणी विचारला तर मालकीण चेहरा दाखवत नाही, ब्रेक दाबून दाखवते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, आजोबांची जुनी स्कूटर असेल. ती पुसा, जरूर पुसा, आम्हाला आवडतं. पण पुसून झालं की खाली बसा, तिची चेन ओढून बघा, ब्रेक दाबून बघा, आणि जे कळत नाही ते विचारा. विचारायची लाज धरू नका. आमचे बाबाही आता धरत नाहीत. दर सुट्टीच्या दिवशी ते बोळा घेऊन येतात, माझी टाकी चमकवतात, आणि प्रत्येक भागाशी थांबून आत हाक मारतात, “इथे लावू का गं?” डिस्कजवळ आले की मात्र बोळा खाली ठेवतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि नुसतेच वाकून बघतात.