रिकाम्या जात्याच्या सात पहाटा

मित्रांनो, मुक्ताबाईंचा हिशेब सरळ होता. त्यांच्या सवतीची मुलगी सगुणा ओव्या गात दळायला बसली की कसबा पेठेतल्या पाणी भरणाऱ्या बायका दारापाशी थबकत. तिचा गळा गेला, तर सासवडचे चांगले स्थळ आपल्या पोटच्या द्वारकेच्या पदरात पडणार होते.

मी त्याच घरातले एक जुने जाते आहे. पेशव्यांच्या पुण्यात माझ्यासारखी जाती घरोघर होती. पण माझ्या खुंट्यावर त्या दोघी बहिणींचे हात एकत्र असत. सख्खी कोण, सावत्र कोण, मला कधी ओळखता आले नाही.

मुक्ताबाईंनी पर्वतीखालच्या एका जाणतीकडून मूठभर मंतरलेली ज्वारी आणली, माझ्यात वैरली आणि तिची भाकरी सगुणेला वाढली. सगुणा मीठ मागायला गेली, तर तोंडातून "बें" निघाले.

द्वारका रडली नाही. जाणतीचे पाय धरून उपाय घेऊन आली. जाणतीने बजावले होते, "एक दाणा जात्यात अडकलाय. तूच सात पहाटा जाते रिकामे फिरव. एक पहाट चुकली, की बहीण जन्माची बकरी."

रिकामे जाते फिरवले की घराला अवदसा येते म्हणतात. तिचे मला ठाऊक नाही. दगडावर दगड घासला की माझे टाके, म्हणजे माझे दात, झिजतात एवढे खरे.

चौथ्या दिवशी सासवडचे पाहुणे आले. द्वारका पसंत पडली तर उद्याच नेणार होते. पाहुणीबाई म्हणाल्या, "मुली, एखादी ओवी म्हण बघू."

द्वारकेने बहिणीकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाली, "बें."

"अहो, थट्टेखोर आहे जरा," मुक्ताबाई घाईने म्हणाल्या.

"असू दे. आम्हाला सून हवी होती," पाहुणीबाई उठल्या. "गोठा आमच्याकडे आहे."

सातव्या पहाटे माझ्यातून त्या दाण्याचा काळा भुगा गळला. सगुणा म्हणाली, "द्वारके, हात सोलले की गं तुझे."

पुढे दोघी एकाच घरी जावा होऊन गेल्या. निघताना सांगून गेल्या, "जात्याला टाकी लावून घ्या." मुक्ताबाईंनी मला परसात ढकलले. छिन्नीने जात्याचे दात पुन्हा काढून देणारी टाकीवाली अजून दारावरून ओरडत जाते. तिला कुणी हाक मारत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी झिजलेले काही असेल, तर तेवढी हाक मारा.

बाकी हिशेब असा: मुक्ताबाईंचे स्थळ गेले, सगुणेचा गळा परत आला, द्वारकेच्या तळहातांना नवी कातडी आली. दात तेवढे माझे गेले. मला कुणी विचारले नव्हते. विचारले असते, तरी दिले असते.