रंगरावाच्या गव्हातलं कडं

सत्तावन्न सालापर्यंत चाकणजवळच्या आमच्या शिवारात मेंढरं कुठं बसवायची ते रंगराव ठरवायचा. दिवाळीच्या सुमाराला धनगर उतरले की ज्याच्या त्याच्या रानात जाळी ठोकून मेंढरं बसवत, म्हणजे लेंडीखत आयतं पडे. जाळी नेमकी कुठं ठोकायची हे विचारायला लोक गूळ-शेंगा घेऊन रंगरावाकडे जात. कारण त्याच्या गव्हात दरसाल एक हिरवंगार कडं उठायचं. बाकीचा गहू गुडघ्याएवढा, तर कड्यातला मांडीला लागायचा. आरपार साठ पावलं, एकदम गोल.

"जाळी गोल ठोकायची, मेंढरं नीट बसवायची," तो सांगे.

माझं रान त्याच्या बांधाला लागून. मीही गोल जाळी ठोकायचो, पण माझ्या रानात काही उठलं नाही.

"मीराभाऊ, तुझ्या रानात मेंढरांचं मनच लागत न्हाई," रंगराव म्हणायचा.

त्या वर्षी पौषात पुण्याहून कुसुमताई नावाच्या बाई आल्या. जुन्या वस्त्या शोधायचं त्यांचं काम. डोक्यावर पुरुषी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. टेकडीवर चढल्या आणि तिथूनच ओरडल्या, "ते कडं कुणाच्या शेतात आहे?"

रंगराव छाती काढून पुढं झाला. मेंढरांची सगळी हकिकत त्यानं सांगितली.

"पण मेंढ्या जाळीच्या आत बसतात ना?" बाई म्हणाल्या. "मग हिरवं नुसतं कडेलाच का? मधे का नाही?"

"माजी मेंढरं कडंला बसत्यात. त्यांना वारा लागतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की इथं फार जुना खंदक असावा. शिवाजी महाराजांच्याही दोन-तीन हजार वर्षं आधीचा. तो कधीतरी मातीनं भरला. भोवती मुरूम, खंदकात खोल काळी माती. तिथं ओल टिकते, म्हणून पीक उंच. गहू निघाल्यावर एक चर खणून बघायची परवानगी द्याल का?

रंगरावाचा चेहरा पडला. खंदक निघाला तर त्याच्या हाताला यश कसलं, आणि मेंढरं तरी कसली? नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको शालनबाई डोक्यावरची पाटी सावरत बोलली, "खणू द्या की. भ्याला व्हय?"

"भ्यायला काय झालं? खणा!"

चैत्रात बाई चार गडी घेऊन आल्या. हाती चारच दिवस होते. कड्याला आडवा, तीन हात रुंद चर आखला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. उन्हानं माती अशी वाळली होती की सगळी सारखीच करडी दिसायची. मुरूम कुठं संपला आणि भराव कुठं लागला, कुणालाच कळेना. रंगराव खुशीत. सगळ्यांना गुळाचा चहा पाजत होता.

"बाई, दमला आसाल. मेंढरांनी काई पुरून ठेवलं नसंल."

चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी वही मिटली. "बुजवून टाका. माझाच अंदाज चुकला."

गड्यांना चिडवायला रंगराव चरात उतरला. भिंतीवर हात टेकून काहीतरी बोलणार होता. हात तिथंच राहिला. त्यानं एक ढेकूळ काढलं, बोटांत चुरलं, जिभेला लावलं. दोन पावलं सरकून दुसरं चुरलं. मी वर बसलो होतो. त्याचा चेहरा बघून मला कळलं, खंदकाची कड त्याच्या हाताला लागली होती.

"रंगराव," मी हळूच म्हणालो, "वर ये. चहा निवतोय."

तो आला नाही. बाईंच्या पाठीकडं बघत राहिला. तेवढ्यात भिंत ढासळवून चर बुजवायला एका गड्यानं त्याच जागी टिकाव उचलला.

"आरं थांब, मुडद्या!" रंगराव ओरडला. "खंदकाची कड तोडशील की! बाई, पाणी आणा!"

त्यानं तांब्याभर पाणी भिंतीवर मारलं. मुरूम घटकेत सुकला. मधला पट्टा काळा, ओला राहिला, भल्यामोठ्या पातेल्याच्या आकाराचा. विळ्याच्या टोकानं रंगरावानं त्याची कड वरपासून खालपर्यंत ओढून दिली. रेघ कुठं थरथरली नाही.

बाईंनी वही पुन्हा उघडली आणि आणखी दोन दिवस राहिल्या. खंदक छातीएवढा खोल निघाला. तळाशी राख होती आणि हातानं घडवलेल्या मडक्याची खापरं, त्यांवर बोटांचे ठसे.

"आत काय ठेवत आसतील?" शालनबाईनं विचारलं.

"अजून सांगता येत नाही. कदाचित जनावरं."

"म्हंजे मेंढरंच की!" रंगराव चरातून ओरडला. सगळे हसले. तोही हसला, पण थोडा उशिरा.

"बोलला नसतास तर चाललं असतं," त्या संध्याकाळी मी म्हणालो.

"व्हय. पन त्यो टिकाव बगवंना, राव."

दिवाळीला धनगर उतरले. रंगरावाच्या दारात कुणी गेलं नाही. त्यानं सगळी सकाळ ओट्यावर बसून एकच दोरी वळली आणि उकलली. शेवटी मी गेलो.

"आता कशाला आलास? मेंढरं धनगराला इचार."

"मेंढरं जाऊ देत. माझ्या रानात मुरूम कुठवर आणि माती कुठवर, तेवढं सांग. खत मुरमावर कशाला घालू?"

तो तांब्या घेऊन निघाला. बांधावर पोचताच त्यानं माझ्या रानात मेंढरं घेऊन आलेल्या धनगराला थांबवलं आणि खंदकाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला बसला. ती एवढी लांबली, की कंटाळलेली मेंढरं आपणच उठून शेजारच्या रानात जाऊन बसली.